अ‍ॅल्युमिनियमच्या पोटातलं ग्रॅफाइट

उत्तर कर्नाटकातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत यंत्र विभागाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांची यादी चाळली, की एक विषय हटकून भेटतो. अ‍ॅल्युमिनियमच्या रसात ग्रॅफाइटची भुकटी कालवायची, मिश्रण साच्यात ओतायचं, निघालेल्या कांबीतून लेथवर नमुने काढायचे आणि दोन गोष्टी मोजायच्या: ताकद किती राहिली आणि झीज किती झाली. हुबळी-धारवाडसारख्या जोडशहरात या प्रयोगाला लागणारं सगळं हाताशी आहे. गोकुळ रोड आणि तारिहाळच्या औद्योगिक वसाहतींत ओतकाम जाणणारी माणसं आहेत, विद्यानगरात १९४७ साली निघालेलं आणि आता के.एल.ई. तंत्रशास्त्रीय विद्यापीठ झालेलं भूमरड्डी महाविद्यालय आहे, धारवाडला १९७९ पासूनचं एस.डी.एम. महाविद्यालय आहे. भट्टी, मूस, ढवळणी, लेथ यांपैकी एकही वस्तू परदेशातून मागवावी लागत नाही.

प्रयोगाचं उत्तर मात्र चक्रावणारं असतं. ग्रॅफाइट घातलं की धातूचा कठिणपणा साधारणपणे उतरतो, ताण सोसण्याची ताकदही उतरते. तरीही तो कमी झिजतो. नरम पडलेली वस्तू जास्त टिकावी, हे व्यवहारज्ञानाला पटत नाही. धातूला जाणूनबुजून थोडं कमजोर करायचं आणि त्या बदल्यात त्याचं घासणं सुसह्य करायचं, हा सौदा कुणाला, कधी आणि कशावरून सुचला, याचा माग काढत गेलं की आपण अ‍ॅल्युमिनियमच्याही आधी बिडापाशी येऊन पोचतो.

बिडाने घातलेला धडा

बिडाशी या मुलखाची ओळख जुनी आहे. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ साली स्थापन झाली. तिची मुख्य कचेरी धारवाडला होती आणि गाड्या-इंजिनांच्या दुरुस्तीचा मोठा कारखाना हुबळीला. वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर, दट्ट्यांच्या कड्या, ब्रेकचे ठोकळे ही सगळी त्या काळी बिडाची कामं. याच रेल्वेच्या मुलखात, बेळगावात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी नांगर बनवायला घेतला. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९४१ साली हुबळी-बंगळूर रेल्वेमार्गावरच्या हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कंपनी लेथ बनवू लागली. त्या लेथचे जड बैठे सांगाडेही बिडाचेच.

या बिडाच्या पोटात ग्रॅफाइट असतं. लोखंडाच्या रसात तीन-साडेतीन टक्के कार्बन आणि थोडं सिलिकॉन असलं आणि रस सावकाश निवला, तर कार्बनचा बराचसा भाग वेगळा होऊन पातळ पापुद्र्यांच्या रूपात धातूत पसरतो. ओतारी तो टाकत नाही, तो आपोआप येतो. तुटलेल्या बिडाचा करडा रंग त्याचाच. हे पापुद्रे धातूच्या दृष्टीने जवळजवळ चिराच असतात. ताण पडला की त्यांच्या टोकांपाशी भेग सुरू होते, म्हणून बीड पोलादाच्या तुलनेत ठिसूळ आणि ओढीला कच्चं. पण हेच पापुद्रे घासणाऱ्या पृष्ठभागावर वंगण पुरवतात, तेल धरून ठेवायला बारीक खळगे देतात आणि यंत्राची थरथर शोषून घेतात. सिलिंडर आणि लेथच्या घसरपट्ट्या दीडशे वर्षं बिडाच्या राहिल्या, त्या यामुळे.

इथे एक हिशेब करून ठेवला पाहिजे, पुढे तो उपयोगी पडेल. ग्रॅफाइटची घनता सुमारे २.२, लोखंडाची ७.९ च्या जवळ आणि अ‍ॅल्युमिनियमची २.७. लोखंडात वजनाने ३ टक्के ग्रॅफाइट असेल, तर आकारमानाने ते जवळपास १० टक्के जागा व्यापतं. अ‍ॅल्युमिनियममध्ये तेच ३ टक्के पावणेचार टक्क्यांच्याही आत बसतं. बिडाइतकी जागा ग्रॅफाइटला द्यायची, तर अ‍ॅल्युमिनियममध्ये वजनाने सव्वाआठ टक्के घालावं लागेल. घासणारा पृष्ठभाग वजन ओळखत नाही, तो जागा ओळखतो. प्रबंधांतले ‘तीन टक्के’ आणि बिडातले ‘तीन टक्के’ एका तराजूत घालणाऱ्याची फसगत होते ती इथे.

काळी भुकटी

ग्रॅफाइटची स्वतःची ओळख पटायलाही वेळ लागला. इंग्लंडमध्ये कंबरलँडच्या डोंगरात सोळाव्या शतकापासून ते खणलं जात होतं. मेंढ्यांवर खुणा करायला आणि तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून फासायला ते वापरत. त्यात शिसं आहे असा समज होता. १७७९ साली शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ते जाळून दाखवलं आणि तो कार्बनचाच प्रकार असल्याचं ठरलं. दहा वर्षांनी, १७८९ साली, वेर्नर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने त्याचं आजचं नाव ठेवलं. १८९६ साली अमेरिकेत अ‍ॅचिसन यांनी विजेच्या भट्टीत ते कृत्रिमरीत्या बनवण्याचं पेटंट मिळवलं, आणि खाणीतल्या भेसळयुक्त ग्रॅफाइटवर अवलंबून राहण्याची गरज संपली.

ते निसरडं का, याचं उत्तर क्ष-किरणांनी दिलं. १९२४ साली जे. डी. बर्नाल यांनी त्याची रचना उलगडली: कार्बनचे अणू षट्कोनी जाळीत एका पातळीवर घट्ट बांधलेले, आणि एका पातळीपासून दुसरी पातळी ३.३५ अँगस्ट्रॉम दूर. पातळीच्या आतलं बंधन भक्कम, दोन पातळ्यांमधलं सैल. तेव्हा पातळ्या एकमेकींवरून सरकतात म्हणून ग्रॅफाइट वंगण, असा साधा निष्कर्ष निघाला आणि पाठ्यपुस्तकांत जाऊन बसला.

तो अपुरा आहे हे दुसऱ्या महायुद्धात कळलं. उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांतले कार्बनचे ब्रश भराभर झिजून त्यांची भुकटी होऊ लागली. जमिनीवर महिनोन्महिने टिकणारा ब्रश वर गेल्यावर काही तासांत संपायचा. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट सॅव्हेज यांनी याचा छडा लावून १९४८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ग्रॅफाइटला निसरडं राहायला हवेतली वाफ लागते. पाण्याचे रेणू पापुद्र्यांच्या मोकळ्या कडांना चिकटून त्या शांत करतात. हवा अगदी कोरडी झाली, की त्या कडा समोरच्या पृष्ठभागाला धरू लागतात.

हुबळी-धारवाडच्या प्रयोगशाळांना हा तपशील लागू पडतो. मलनाडच्या कडेवरचं धारवाड जुलैत ओलंचिंब असतं आणि मार्चमध्ये हवा कोरडी पडते. एकाच कांबीच्या दोन पिना, म्हणजे झीज मोजायला तबकडीवर घासायचे नमुने, या दोन महिन्यांत घासल्या, तर आकड्यांत फरक पडण्याला भौतिकशास्त्रीय कारण आहे. चाचणीच्या नोंदीत भार, वेग आणि अंतर यांच्या शेजारी हवेतल्या दमटपणाचा रकाना हवा, तो यासाठी.

बाहेरचा चाकर

अ‍ॅल्युमिनियमचं आणि कार्बनचं नातं जन्मापासूनचं आहे, पण ते अंतर राखून. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांना न कळत, विजेने अ‍ॅल्युमिनियम गाळायची रीत शोधली. त्या कुंडात वरून सोडलेला धनाग्र कार्बनचा असतो आणि तळही कार्बनचाच. एक टन धातू मिळवताना चारशे किलोहून अधिक कार्बन जळून जातो. भारतात, आजच्या केरळातल्या आलुपुरमला १९४३ साली पहिलं अ‍ॅल्युमिनियम गाळलं गेलं, तेही याच रीतीने. आपल्या मुलखात या धातूची पहिली पायरी बेळगावला घडते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुर्गमानवाडीसारख्या पठारांवरचं बॉक्साइट तिथल्या कारखान्यात जातं आणि त्याचं अ‍ॅल्युमिना होतं. हा कारखाना मूळचा इंडालचा, आता हिंडाल्कोचा.

पुढे ओतशाळेतही कार्बन सोबत असतोच. अ‍ॅल्युमिनियम वितळवायची मूस चिकणमाती आणि ग्रॅफाइटची असते. साच्याला आतून ग्रॅफाइटचा हात देतात, ठोकणीच्या कामात डायला ग्रॅफाइटचं पाणी मारतात. हे सगळं जमतं, कारण वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम ग्रॅफाइटला चिकटत नाही. सातशे अंशांच्या आसपास त्याचा थेंब ग्रॅफाइटवर ठेवला, तर तो अळवावरच्या पाण्यासारखा गोल होऊन बसतो. मुशीला हा गुण वरदान आहे. पण ग्रॅफाइटला धातूच्या पोटात घ्यायचं ठरवलं, की नेमका हाच गुण आडवा येतो. भुकटी रसात टाकली तर ती वर तरंगते, मळीत जाते आणि झाऱ्याबरोबर बाहेर पडते. बिडात जे सावकाश निवण्याने आपसूक घडतं, ते इथे बळजबरीने घडवावं लागतं, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या रसात कार्बन जवळजवळ विरघळतच नाही.

दट्ट्याची गरज

मग इतकी यातायात कशासाठी? पिस्टनसाठी. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी आपण विकत असलेल्या मोटारींत अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन घातले. हलका पिस्टन झपाट्याने वर-खाली होतो आणि उष्णता लवकर बाहेर टाकतो. पण अ‍ॅल्युमिनियम घासायला वाईट. तेलाचा थर क्षणभर तुटला, की ते समोरच्या लोखंडाला चिकटतं, त्याचा लगदा पुढे ओढला जातो आणि इंजिन सीझ होतं. मोटारींच्या कारखान्यांनी यावर कठीण कणांचा उपाय काढला. अ‍ॅल्युमिनियममध्ये बारा टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन घातलं, त्याचे टणक स्फटिक भार पेलू लागले, आणि हा मिश्रधातू पिस्टनचा नेहमीचा धातू झाला. त्याच दिशेने पुढे जात १९७०-७१ मध्ये शेव्हरोले व्हेगा या मोटारीचा इंजिन-ठोकळाच सतरा टक्के सिलिकॉनच्या अ‍ॅल्युमिनियमचा केला गेला, बिडाच्या लायनरशिवाय.

दुसरी वाट मऊ कणांची. ती काढली इंटरनॅशनल निकेल कंपनीने, म्हणजे इन्कोने, आणि तीही ग्रॅफाइटशी जुनी ओळख असल्यामुळे. याच कंपनीच्या कीथ मिलिस यांनी १९४३ साली बिडाच्या रसात मॅग्नेशियम घालून पाहिलं, तेव्हा ग्रॅफाइटचे पापुद्रे जाऊन त्या जागी गोळ्या झाल्या. गोळीला टोक नसतं, म्हणून भेग सुरू व्हायला जागा राहत नाही. हे वाकणारं, चिवट बीड १९४८ साली जगापुढे आलं, १९४९ साली त्याचं पेटंट निघालं आणि नळांपासून क्रँकशाफ्टपर्यंत ते सगळीकडे पसरलं. ग्रॅफाइटमुळे येणारी कमजोरी त्याच्या प्रमाणाइतकीच त्याच्या आकारावर अवलंबून असते, हा धडा इन्कोच्या घरचाच होता.

साठच्या दशकात त्याच कंपनीच्या न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत बनारस हिंदू विद्यापीठातून आणि पुढे एम.आय.टी.तून शिकून आलेले प्रदीप रोहतगी रुजू झाले. अ‍ॅल्युमिनियम ग्रॅफाइटला धरत नसेल तर त्याला आधी निकेलचा अंगरखा घालू, असा त्यांचा आणि त्यांचे सहकारी एफ. ए. बाडिया यांचा विचार. धातू धातूला धरतो. निकेलने मढवलेली ग्रॅफाइटची भुकटी वायूच्या झोताबरोबर रसात खोलवर सोडली, वर येण्याआधी धातूने तिला कवेत घेतलं, आणि ओतीव अ‍ॅल्युमिनियममध्ये ग्रॅफाइट पहिल्यांदा मुक्कामाला राहिलं. १९६९ साली त्यांनी या कामाचे निबंध प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकाचा विषयच मुळी घासताना चिकटण्याला हा धातू किती विरोध करतो, हा होता.

कानपूर, बंगळूर

निकेल महाग. भारतात हे करायचं तर स्वस्त रीत हवी होती. ती आय.आय.टी. कानपूरला आकाराला येत होती. १९६८ च्या सुमारास तिथे एस. रे यांनी आपल्या एम.टेक.च्या कामासाठी अ‍ॅल्युमिनियमचा रस पंख्याने ढवळून त्यात अ‍ॅल्युमिनाचे कण मिसळले. रसात भोवरा तयार होतो आणि तो कणांना आत ओढून घेतो, इतकं साधं तत्त्व. आज जगभर स्टिर कास्टिंग म्हणून ओळखली जाणारी रीत मुख्यतः या कामापर्यंत मागे नेली जाते.

सत्तरच्या दशकात रोहतगी भारतात परतले. आधी कानपूर आणि मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांच्याभोवती तरुण संशोधकांचा गट जमला. बी. सी. पै यांनी अ‍ॅल्युमिनियम आणि ग्रॅफाइटची भुकटी एकत्र दाबून गोळ्या बनवल्या आणि त्या रसात सोडल्या. एम. के. सुरप्पा यांनी निकेलऐवजी तांब्याचा लेप वापरला. हे निबंध १९७८ च्या आगेमागे आले. १९८० साली ‘वेअर’ या झीजेच्या अभ्यासाला वाहिलेल्या नियतकालिकात रोहतगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियम-सिलिकॉन-ग्रॅफाइटचा पिस्टन डिझेल इंजिनात बसवून तो कसा चालतो याचा निबंध दिला. प्रयोगशाळेतली पिन सोडून खऱ्या इंजिनापर्यंत पोचलेलं हे काम. पुढे बेअरिंगही इंजिनात बसवून पाहिली गेली. रोहतगी त्रिवेंद्रम आणि भोपाळच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळांचे संस्थापक संचालक झाले आणि ऐंशीच्या दशकात अमेरिकेला, विस्कॉन्सिन विद्यापीठात गेले. सुरप्पा पुढे विज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. अ‍ॅल्युमिनियमच्या अशा मिश्रणांवरचा त्यांचा ‘साधना’ या अभियांत्रिकीच्या इंग्रजी नियतकालिकातला २००३ सालचा आढावा भारतातले विद्यार्थी आजही पहिल्यांदा वाचतात.

बंगळूरहून उत्तरेकडे ही विद्या पसरायला अडचण नव्हती. झीज मोजायचं पिन-ऑन-डिस्क यंत्र बंगळूरचीच ड्यूकॉम कंपनी बनवू लागली. १९९८ साली बेळगावला मुख्यालय असलेलं विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्रीय विद्यापीठ स्थापन झालं आणि राज्यभरची महाविद्यालयं एका अभ्यासक्रमाखाली आली. थोड्या खर्चात, एका सत्रात पुरा होणारा आणि आकडे हमखास देणारा विषय म्हणून अ‍ॅल्युमिनियम-ग्रॅफाइट विद्यार्थ्यांच्या हाती गेलं.

मुशीत काय होतं

ओतायची रीत वरवर सोपी. ६०६१ किंवा एल.एम. २५ सारखा मिश्रधातू मुशीत घ्यायचा. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, रस सातशेच्या वर नेतात. त्यातला वायू काढायला हेक्झाक्लोरोइथेनची गोळी बुडवतात, वरची मळी काढतात. ग्रॅफाइटची भुकटी आधी वेगळी तापवतात, म्हणजे तिच्यातली ओल आणि हवा निघून जाते. मग रसात एखादा टक्का मॅग्नेशियम टाकतात आणि ढवळणी सुरू करतात. मॅग्नेशियम रसाचा पृष्ठताण कमी करतं, रसावरची ऑक्साइडची साय फोडतं, आणि रस ग्रॅफाइटला जरा धरू लागतो. बिडात ग्रॅफाइटला गोल करणारं मॅग्नेशियम इथे त्याला आत घेण्याचं काम करतं.

चुका होतात त्या पुढच्या पाच-दहा मिनिटांत. ढवळणी हळू फिरली तर भुकटीचे पुंजके होतात. जोरात फिरली तर भोवऱ्यातून हवाही आत जाते आणि कांबीत पोकळ्या राहतात. रस जास्त तापवला तर कण भिजतात खरे, पण अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन यांचा संयोग होऊन अ‍ॅल्युमिनियम कार्बाइड बनतं. ते ठिसूळ तर असतंच, शिवाय पाण्याशी त्याची प्रक्रिया होऊन मिथेन सुटतो. म्हणजे दमट हवेत ठेवलेला नमुना आतून पोखरला जाऊ शकतो. मिश्रधातूत सिलिकॉन पुरेसं असलं तर कार्बाइड बनायला अटकाव होतो. ग्रॅफाइट मिसळायला सिलिकॉनयुक्त ओतीव मिश्रधातू ६०६१ पेक्षा सोयीचे पडतात, त्यामागे हे कारण आहे, जरी महाविद्यालयांत आवडतं ६०६१ च असलं तरी.

ताकदीचे आकडे वाचताना या सगळ्याची आठवण ठेवावी लागते. ६०६१ वर पूर्ण उष्णतासंस्कार केला, तर ते सुमारे ३१० मेगापास्कल ताण सोसतं. ग्रॅफाइटची स्वतःची ताकद काही दशक मेगापास्कल, आणि धातूशी त्याची पकडही कच्ची. भार पडला की कण तो उचलत नाही. त्या जागी पोकळी असल्यासारखाच धातू वागतो. म्हणून ग्रॅफाइट वाढत जाईल तशी ताकद आणि लवचीकता उतरणं हेच अपेक्षित आहे. एखाद्या निबंधात ताकद वाढलेली दिसली, तर मॅग्नेशियमचा वाटा, निवण्याचा वेग आणि मूळ धातूच्या कांबीतल्या पोकळ्या आधी तपासाव्यात.

झीज कमी का

१९५३ साली जे. एफ. आर्चर्ड यांनी झीजेचं समीकरण मांडलं: झीज भाराच्या आणि सरकलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढते, कठिणपणाच्या प्रमाणात घटते, आणि या सगळ्याला एक गुणांक जोडलेला असतो. त्या हिशेबाने मऊ धातूने जास्त झिजायला हवं. ग्रॅफाइटचा खेळ त्या गुणांकात आहे. पिन पोलादी तबकडीवर घासू लागली, की पृष्ठभागाजवळचे ग्रॅफाइटचे कण दाबले जाऊन बाहेर पिळले जातात आणि दोन धातूंमध्ये काळसर थर पसरतो. त्यात ग्रॅफाइट असतं, अ‍ॅल्युमिनियमचे चुरे असतात, तबकडीचं लोखंड आणि त्याची ऑक्साइडंही असतात. हा थर टिकला तोवर धातू धातूला चिकटत नाही. कठिणपणा थोडा घटतो, गुणांक त्याहून कितीतरी अधिक घटतो, आणि गुणाकार फायद्याचा निघतो.

थराला मर्यादा आहेत. भार किंवा वेग एका टप्प्यापुढे गेला की तो फाटतो, खालचा मऊ धातू उघडा पडतो आणि झीज एकदम उसळते. ग्रॅफाइट वाढवत नेलं तर घर्षणगुणांक शुद्ध ग्रॅफाइटच्या आकड्याजवळ येऊन थांबतो. रोहतगी आणि सहकाऱ्यांच्या १९९२ सालच्या आढाव्याप्रमाणे ही पातळी आकारमानाने वीस टक्क्यांच्या सुमारास येते. त्यापुढे घालत राहिलं तर फक्त ताकद जाते. एकीकडे थराला पुरेसं ग्रॅफाइट आणि दुसरीकडे सांगाड्याला पुरेसा धातू, यांच्या मधली पट्टी अरुंद आहे.

ती रुंद करायला टणक आणि मऊ कण एकत्र घालण्याची कल्पना आली. सिलिकॉन कार्बाइड भार पेलेल आणि ग्रॅफाइट वंगण देईल. होंडाने नव्वदच्या दशकात प्रिल्यूड मोटारीच्या सिलिंडरच्या भिंतींत अ‍ॅल्युमिना आणि कार्बन असे दोन्ही तंतू घालून बिडाचे लायनर काढून टाकले. इन्कोनेही जुनं निकेल-लेपित ग्रॅफाइट पुन्हा बाहेर काढलं, या खेपेला सिलिकॉन कार्बाइडसोबत. कॅनडातल्या विंडसर विद्यापीठात रियाही आणि अल्पास यांनी दहा टक्के सिलिकॉन कार्बाइड आणि चार टक्के ग्रॅफाइट असलेल्या अशा मिश्रणावरचा घर्षणथर कसा घडतो आणि फुटतो, ते २००१ साली दाखवलं. आणि हुबळीहून हरिहरच्या पुढे असलेल्या दावणगेरेतून एस. बसवराजप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ‘वेअर’मध्ये २२१९ या मिश्रधातूत पंधरा टक्के सिलिकॉन कार्बाइड आणि तीन टक्के ग्रॅफाइट घालून घासणाऱ्या पृष्ठाखाली धातू किती विरूप होतो, हे मोजलं. हा प्रश्न महत्त्वाचा होता, कारण वरचा थर टिकतो की उखडतो हे त्याच्या खालच्या धातूवर ठरतं.

बाजाराने काय निवडलं

इतकं सगळं होऊनही आज रस्त्यावरच्या दुचाकीच्या पिस्टनमध्ये ग्रॅफाइट मिसळलेलं अ‍ॅल्युमिनियम सापडत नाही. पिस्टन हातात घेतला, तर त्याच्या कडेच्या घेराला काळपट पट्टा दिसतो. तो राळेत कालवलेल्या ग्रॅफाइटचा लेप आहे, जाडी काही शतांश मिलिमीटर. घासणारा भाग फक्त पृष्ठभाग असेल, तर ग्रॅफाइट फक्त तिथेच द्यावं आणि पोटातला धातू पूर्ण ताकदीचा ठेवावा, असा कारखानदारांनी सरळ हिशेब केला. ज्या सौद्यासाठी हे मिश्रण जन्मलं, तो सौदाच लेपाने टाळला.

म्हणून या मिश्रणाची खरी जागा लेप जिथे पुरत नाही तिथे आहे. बुश बसवताना रीमरने आतून खरवडला जातो, तेव्हा लेप निघून जातो. पोटात ग्रॅफाइट असलेल्या बुशचा नवा पृष्ठभागही तसाच राहतो. काही मिलिमीटर झिजेपर्यंत काम करायचं असतं अशा जागी, वंगण अधूनमधूनच मिळतं अशा जागी, आणि शिशाच्या कांशाच्या बेअरिंगला पर्याय हवा असतो तिथे ग्रॅफाइटची कमजोरी परवडते. पाण्याच्या कामात मात्र जपून: ओल्या संपर्कात ग्रॅफाइट आणि अ‍ॅल्युमिनियम मिळून विजेची जोडी बनते आणि अ‍ॅल्युमिनियम गंजू लागतं. व्हॉल्व्हसाठी नाव कमावलेल्या हुबळीत ही अट पहिल्याच ओळीत लिहावी लागेल.

बीड, गोळ्यांचं बीड, निकेलचा अंगरखा, कानपूरचा भोवरा, १९८० सालचा पिस्टन या प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच होता, आणि तो ताकद वाढवण्याचा कधीच नव्हता: या कामाला किती कमजोरी चालेल आणि ती कुठल्या आकारात, किती जागेत ठेवावी. प्रकल्पांच्या अहवालांत हा प्रश्न उलटा होऊन जातो. ताकद आणि झीज हे दोन तक्ते शेजारी छापले जातात, सर्वांत चांगलं प्रमाण कोणतं ते ठरवलं जातं, पण कोणत्या कामासाठी चांगलं हे सांगितलं जात नाही. जोडशहरात महाविद्यालय आणि कारखाना यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर आहे. एखाद्या कारखान्याने एक बुश, त्यावरचा भार, फिरण्याचा वेग आणि अपेक्षित तास लिहून दिले, आणि विद्यार्थ्यांनी तेवढ्याच बुशसाठी मिश्रण बसवून हवेच्या दमटपणासह तो तासांच्या हिशेबाने चालवून पाहिला, तर ग्रॅफाइटचं प्रमाण काढायला तक्त्यांची गर्दी लागणार नाही. भार आणि तास मिळूनच ते ठरवतील, आणि १९८० साली पिस्टनच्या निबंधाने जिथवर आणून सोडलं होतं, तिथून काम पुढे जाईल.